भिंतीवरच्या मुश्या

माझ्या साळ्यासारखा माणूस उभ्या वऱ्हाडात दुसरा झाला नाही, आणि झाला असता तर आम्ही त्या दोघांना एका बैलबंडीत बसवून मुलखाबाहेर सोडून आलो असतो. हे मी त्याच्या तोंडावर पन्नासदा म्हटलं आहे, त्यामुळे आता लिहायला मला लाज नाही. मी तिसरी बुक शिकलेला, भाजीपाला पिकवणारा माणूस. मला गोड लिहिता येत नाही. म्हणून आम्ही दोघांनी मिळून शेवटचं काम कोणतं केलं तेच आधी सांगतो. आम्ही वांगी निवडली.

वाशीमच्या बाजाराचा आदला दिवस होता. मळ्यात बाभळीखाली पोती अंथरलेली, पुढ्यात सकाळी तोडलेल्या वांग्यांचा ढीग. साधा माणूस वांग्यांचे दोन ढीग करतो, चांगली आणि किडकी. माझ्या साळ्यानं दुपारपर्यंत अकरा ढीग केले. मोठी, मधली, बारकी. त्यात विहिरीजवळच्या वाफ्यातली वेगळी, बांधाकडची वेगळी. आणि वर प्रत्येक वांगं उलटं करून बुडाशी निरखायचं, की हे नर आहे का मादी. मी म्हणालो, "साळेबुवा, वांग्यात कायचा नर नि कायची मादी? लोकं भाजी करतीन का सोयरीक जुळवतीन?" तर तो मान वर न करता म्हणतो, "पाहून घ्याले काय लागते, भाऊजी? मुशी पण वरून सारखीच दिसते. उलटी केल्याबिगर समजत नाही." मी कपाळावर हात मारला. त्या दिवशी मला त्याला एक गोष्ट सांगायची होती. सांगायचीच, असं ठरवून मी त्याला अनसिंगहून बोलावून घेतलं होतं. ती गोष्ट काय, ते पुढे येईल. आधी मुशी म्हणजे काय ते सांगितलं पाहिजे, कारण आमच्याकडे मासा म्हणजे नदीतला वीतभर जीव, आणि माझ्या घरात तर तोही नाही.

मुशी हा समुद्रातला मासा. शिकलेली माणसं त्याला शार्क म्हणतात. दात करवतीसारखे, अंग सहाणेसारखं खरबरीत, आणि एकेक बैलाहून लांब. मी डोळ्यांनी पाहिलेली नाही. पण तिच्याबद्दल मला जेवढं माहीत आहे तेवढं माझ्या स्वतःच्या भावकीबद्दल माहीत नाही, आणि ते सगळं या एका माणसानं माझ्या डोक्यात भरलं.

त्याची मोजायची खोड जन्माचीच. माझ्या लग्नात तो चार-पाच वर्षांचा होता, शेंबडा, करवला म्हणून बहिणीच्या मागे उभा केलेला. अंतरपाट दूर झाला, वाजंत्री थांबली, आणि त्या शांततेत हा भर मांडवात मला म्हणतो, "तुमच्याकडचे पटकेवाले आमच्याहून जास्त आले, पण तुमच्या बाया कमी आल्या. काहून?" खरंच कमी आल्या होत्या. माझ्या दोन काकवांचं माझ्या आईशी भांडण होतं आणि ते झाकायला आम्ही आठ दिवस खपलो होतो. आई त्या दिवसापासून त्याचं नाव काढलं की पाटा आपटायची. मोठा झाला तरी तेच. कुठल्याही जमावात गेला की आधी किती मोठे, किती लहान, किती बाया, किती माणसं, आणि कोण कुठं बसलं, हे पाहिल्याशिवाय पाण्याला तोंड लावायचा नाही. त्याला पोरी दाखवल्या तेव्हा त्यानं एका बापाला विचारलं, "मुलगी किती हात, अन् जन्माचा महिना कोणता?" त्या बापानं काठी उचलली. पुढे पोरी दाखवणं बंद झालं आणि माझा साळा बिनलग्नाचा राहिला. त्याला त्याचं काही वाटलं नाही. एकदा मला ओसरीवर डोळा लागला होता, तर यानं वेतानं मला डोक्यापासून पायापर्यंत मोजून काढलं आणि जागा झाल्यावर सांगितलं, "तुमी मागच्या सालाहून चार बोटं कमी झाले."

रेल्वेच्या रुळाच्या कामावर लागला तो लागला, आणि एक दिवस ते रूळ त्याला थेट समुद्राकाठी घेऊन गेले. लढाईचे दिवस होते. दवाखान्यात द्यायचं माशाचं तेल विलायतेहून येईनासं झालं, म्हणून सरकारनं आपल्याच किनाऱ्यावर मुशीच्या काळजाचं तेल काढायला सुरुवात केली. कोळ्यांनी मुशी आणायची, वाळूवर टाकायची, आणि माझ्या साळ्यानं ती उलटी करून नर का मादी बघायचं, बांबूनं मोजायची आणि मोठ्यानं ओरडायचं, "नर, चार हात!" "मादी, सात हात!" कारकून ते वहीत लिहायचा. देवानं एखाद्या माणसासाठी मुद्दाम नोकरी घडवावी तशी ती नोकरी होती. पण कारकून चहाला गेला की परत येऊन मनानंच काहीतरी लिहायचा. माझ्या साळ्याला ते सहन होईना. त्याला लिहिता येत नव्हतं. तेव्हा त्यानं दोऱ्याला गाठी मारायला सुरुवात केली. एका महिन्याची एक दोरी. नर असला तर पांढऱ्या सुताची गाठ, मादी असली तर लाल. लहान मुशीला बारीक गाठ, मधलीला एकेरी, मोठीला दुहेरी. तो निघाला तेव्हा त्याच्या बहिणीनं, म्हणजे माझ्या बायकोनं, फाटक्या लुगड्याचा काठ उसवून त्यातला लाल दोरा गुंडाळून त्याला दिला होता, सदऱ्याची गुंडी तुटली तर लावायला म्हणून. गुंड्या तुटल्या त्या तुटल्याच राहिल्या. त्या दोऱ्याच्या मुशीच्या माद्या झाल्या.

तीन वर्षांनी तो पत्र्याची पेटी घेऊन अनसिंगला परत आला. गावाला वाटलं, मुंबईचा माल असेल. पेटी उघडली तर आत छत्तीस दोऱ्या, आणि वास असा की समोरच्या घरातली गरवार म्हैस दोर तोडून पळाली. त्यानं त्या दोऱ्या महिन्याच्या ओळीनं भिंतीवर टांगल्या, आणि गावात बोभाटा झाला की हा करणी शिकून आला. पोलीस पाटील चौकशीला गेला. तो दोन तासांनी बाहेर आला तेव्हा त्याचा चेहरा उतरलेला. मी तिथंच होतो. मला म्हणतो, "भाऊ, तुह्या साळ्यानं काही गुन्हा केला नाही. पण मासोळीले लेकरं होतात म्हणते. अंडी नाही, लेकरं! अन् नवरे एका पाण्यात, बायका दुसऱ्या पाण्यात. हे काय ऐकून राह्यलो मी?" आणि तो तसाच पटका हातात घेऊन घरी गेला.

पण ती भिंत मी नंतर नीट पाहिली आहे, आणि खोटं कशाला बोलू, पाहून माझं तोंड उघडंच राहिलं. सलग तीन वर्षं तेच. दिवाळीनंतरच्या दोऱ्यांवर पांढऱ्याच गाठी, म्हणजे नर, तेही खोल पाण्यातून आणलेले. फाल्गुन लागला की भिंत एकदम लाल व्हायची, आणि गाठी सगळ्या दुहेरी. पोटुशा माद्या, हातोड्यासारख्या डोक्याच्या, नर मागे खोल पाण्यात सोडून खाडीच्या तोंडाशी उथळात यायच्या. वैशाखाच्या दोऱ्यांवर मिरचीच्या बीएवढ्या गाठी, लाल-पांढऱ्या मिसळून. ती पिल्लं. आणि दुहेरी लाल गाठ एकही नाही. आया निघून गेलेल्या. पावसाळ्याच्या दोऱ्या कोऱ्या, कारण होड्या वर ओढलेल्या. "म्हणजे समुद्र एकच नाही, भाऊजी," तो मला बोटानं दाखवत म्हणाला, "मोठ्यायचा वेगळा, लहान्यायचा वेगळा, नराचा वेगळा, मादीचा वेगळा. पाणी तेवढं एक." मी विचारलं, आई पिल्लं सोडून कशी जाते? तर म्हणाला, कोळी सांगतात की जिथं ती पिल्लं टाकते तिथं ती जबडाच उघडत नाही, उपाशी राहते, आणि भूक आवरेना झाली की आपणच दूर जाते. मला ते ऐकून घाम फुटला. माझ्या बायकोला मात्र काहीच नवल वाटलं नाही. ती भाकरी थापता थापता म्हणाली, "बाळंतपणाले माहेरी येते म्हणा की. त्यात काय!"

त्यानंतर त्याला सगळीकडे मुश्याच दिसायला लागल्या. रिसोडच्या बाजारात तो मला एका कट्ट्यावर बसवून दाखवायचा, की पाहा, थोराड बाया बांगडीवाल्याशी, पोरीसोरी त्यांच्यापासून दहा पावलं दूर, माणसं तंबाखूपाशी, आणि पोळ्याच्या आधीच्या बाजारात हे सगळं बदलतं. एकदा किन्हीराजा गावाच्या पारावर त्यानं हे सांगायला घेतलं तर एक टारगट म्हणाला, "साळेबुवा, मंग माही बायको चार महिन्यांपासून माहेरच्या पाण्यात आहे, ते कोणच्या गाठीत?" सगळा पार हसला. साळा हसला नाही. त्यानं विचार करून विचारलं, "किती हात आहे?" आणि मारामारी होता होता राहिली. ओढून आणला मी त्याला. वाटेत म्हणतो, "मी चुकीचं काय विचारलं?"

आता ती गोष्ट.

माझ्या बायकोला रातांधळेपण होतं. दिवसा सुईत दोरा ओवायची, पण दिवेलागण झाली की तिला भिंत आणि दार सारखंच. लढाईच्या सालात घरात खायला जे होतं ते होतं. डोळ्यांना कसं पुरावं! साळ्यानं येताना एक बाटली आणली होती, बुचावर लाख लावलेली. मुशीच्या काळजाचं तेल. तेही कोणत्याही मुशीचं नाही. त्यानं फाल्गुनातली एक मादी निवडली होती, नऊ हाती, तीन वर्षांतली सगळ्यात मोठी, आणि कारखान्यातल्या माणसाच्या हातापाया पडून तिचं तेल वेगळं मागून घेतलं होतं. भिंतीवर तिची गाठ होती, तीही त्यानं बहिणीला बोटानं चाचपायला लावली. "बाई, रोज एक चमचा. महिन्याभरात चांदण्या मोजशीन."

माझ्या बायकोच्या गळ्यात तुळशीची माळ. लसूणही चातुर्मासात वर्ज्य. तिनं बाटलीकडे पाहिलं, भावाकडे पाहिलं, आणि म्हणाली, "देवाची माफी मागून घेतो मी. पितो." मी तिथं उभा होतो आणि माझं डोकं भणाणलं. माझ्या घरात माशाचं काळीज! आणि कोणाच्या सांगण्यावरून? ज्याला वांग्यात नवरा-बायको दिसतात त्याच्या. साळा गेल्यावर मी बाटली मागच्या दारी नेली, तेल डब्यात ओतून घेतलं, बाटली राखेनं घासली आणि तिच्यात घरचं जवसाचं तेल भरून फळीवर ठेवून दिली. मुशीचं तेल फेकायचं कशाला, म्हणून बंडीच्या आखाला वंगण लावलं.

त्याचं फळ मला दुसऱ्या दिवशी मिळालं. वाशीमच्या रस्त्याला लागलो तर मागे एक मांजर. वेशीपर्यंत चार झाली. बाजारात पोहोचलो तेव्हा माझ्या बंडीमागे मांजरांची वरात होती, आणि मी पुढे वांगी घेऊन बसलो तर ती मागे चाकाला जिभा लावून बसली. गिऱ्हाइकं नाकाला पदर लावून पुढच्या पालाकडे गेली. एक म्हातारी म्हणाली, "काय रे बाबा, वांगे इकतं का मांजरं?" महिनाभर असं चाललं. बायको विचारायची, "काय जी, बंडीले कायचा वास येऊन राह्यला?" मी म्हणायचो, बैलाचा. आणि ती रोज संध्याकाळी डोळे गच्च मिटून, देवाकडे हात जोडून, एक चमचा जवसाचं तेल प्यायची.

साळा दर पंधरा दिवसांनी अनसिंगहून यायचा, दिवेलागणीची वेळ धरून. बहिणीला अंगणात उभी करायचा, स्वतः पाच हातांवर उभा राहायचा आणि बोटं दाखवायचा. "बाई, किती?" ती म्हणायची, "बोटं राहू दे, तू कुठं उभा आहे तेच समजून नाही राह्यलं." हा एक पाऊल पुढे. "आता?" "नाही रे." शेवटी बोटं तिच्या नाकाशी यायची आणि ती हसत त्याचा हात धरायची. तो हसायचा नाही. त्याची खात्री होती की मुशी खोटी पडणार नाही, तेव्हा खोटं पडलं असेल ते त्याचं मोजणं. कदाचित ती मादी फाल्गुनातली नसेल. कदाचित नऊ हात नसेल. कदाचित उलटी करताना तो चुकला असेल. एकदा मी अनसिंगला गेलो तर हा भिंतीसमोर मांडी घालून बसलेला, छत्तीस दोऱ्या पहिल्यापासून पुन्हा चाचपत. आणि त्या फाल्गुनाच्या दोरीवर जिथं ती दुहेरी लाल गाठ होती तिथं नुसता लाल दोरा लोंबत होता. त्यानं गाठ सोडली होती. म्हणाला, "एक चुकली म्हणजे बाकीच्यायचा काय भरोसा, भाऊजी?" त्यानंतर पारावर कोणी मुद्दाम मुशीचा विषय काढला तरी तो म्हणायचा, "जाऊ द्या ना." ज्या माणसाच्या बडबडीला मी इतकी वर्षं कंटाळलो होतो तो गप्प झाला, आणि मला ते सहन होईना. पण मी बोललो नाही. बोललो असतो तर बायकोला कळलं असतं, की तिनं देवाची माफी मागून जे घेतलं ते जवस होतं, आणि ते मीच केलं.

मागच्या साली ती तापानं गेली. जायच्या दोन दिवस आधी सकाळी तिनं मला जवळ बसवलं आणि म्हणाली, "काय जी, जवसाचं तेल मले ओळखू येत नाही का? चाळीस वर्षं फोडण्या देऊन राह्यली मी." मी हातातलं पाण्याचं भांडं खाली ठेवलं. "मंग पेली कायले?" मी विचारलं. ती म्हणाली, "त्यानं जीव लावून आणलं, तुमी चोरून बदललं. कोणाले काय सांगू? पेली. माही माळ पण राह्यली." मग म्हणाली, "अन् दिसलं असतं तर तुमी सांजच्याले हात धरून अंगणात नेलं असतं का?" मी नेलं नसतं. मग तिनं मला शब्द द्यायला लावला. "भावाले सांगजा. तो त्या बिचाऱ्या मासोळीले खोटं ठरवून बसला. त्याचं मोजणं बरोबर होतं, सांगजा."

मी हो म्हणालो. ती गेली. अंत्यविधीला साळा आला, माझ्या शेजारी बसला आणि म्हणाला, "बाई खोल पाण्यात गेली, भाऊजी." मी त्याच्यावर खेकसलो, "माही बायको मासोळी नव्हती!" ते काही सांगायचं ठिकाण नव्हतं. म्हटलं, तेराव्यानंतर सांगू. तेराव्यानंतर मला पायाला गळू झालं आणि वाशीमच्या दवाखान्यात जावं लागलं. तिथं शेजारी एक बाई बसली होती. कंपाउंडरनं तिला चमच्यानं काहीतरी पाजलं, आणि त्या वासानं माझे कान ताठ झाले. माझ्या आखाचा वास! मी विचारलं, हे कशाला? तो म्हणाला, "रातांधळी होती. महिना झाला, आता संध्याकाळी एकटी घरी जाते." मी पायाला पट्टी न बांधताच उठून आलो. रस्त्यात मला माझा रस्ता दिसत नव्हता, आणि तेव्हा भर दुपार होती.

आता सांगायचं दुप्पट झालं. तेल बदललं एवढंच नाही. बदललं नसतं तर तिला दिसलं असतं. साळ्याचं मोजणं बरोबर होतं आणि त्याची बहीण माझ्यामुळे अंधारात राहिली. हे तोंडातून काढायचं कसं? रिसोडच्या बाजारात एकदा सुरुवात केली तर मध्येच ओळखीचा भेटला. पोळ्याला म्हटलं, सणाला नको. दिवाळीला म्हटलं, पहिली दिवाळी. असे नऊ महिने मी टाळले. मी तोंडाचा फाटका म्हणून चार गावांत प्रसिद्ध, कोणालाही काहीही बोलणारा माणूस. ते एक वाक्य तेवढं पुढच्या सणावर ढकलत राहिलो.

म्हणून त्या दिवशी वांगी निवडायला बोलावलं. काम हातात असलं की बोलणं सोपं जातं. पण त्याचे अकरा ढीग बघून मी चिडलो, मग हसलो, आणि कितीतरी महिन्यांनी तोही हसला. आम्ही बाभळीखाली भाकर आणि ठेचा खाल्ला. त्यानं एक वांगं हातात घेऊन म्हटलं, "बाईले भरली वांगी करतानी बारकीच लागत, देठासकट." मी म्हणालो, हो. तिथं मी बोलायला पाहिजे होतं. तोंड उघडलंही. तर त्यानं उन्हाकडे पाहिलं, धोतर झटकलं आणि म्हणाला, "निघतो, अनसिंगची बंडी उभी असन." मी म्हणालो, "साळेबुवा, एक बोलायचं होतं." तो म्हणाला, "बोला नं." आणि मी म्हणालो, "पुढच्या बाजारी येजा. तवा बोलू." तो बांधावरून गेला. जाताना मळ्यातल्या मिरचीच्या रोपांची एक ओळ मोजत गेला, ते मला त्याच्या मानेवरून कळलं.

बाजारातून मी परत आलो तर अनसिंगचा कोतवाल दारात. माझा साळा गेला होता. सकाळी भिंतीसमोर बसला होता, तसाच बसल्या जागी. आजार नाही, ताप नाही. बहीण गेली तेव्हा आम्हाला दोन दिवस तरी मिळाले होते. यानं मला एक वाक्य बोलायलाही वेळ दिला नाही. मी कोतवालाला म्हणालो, "खोटं बोलून राह्यला तू." मी त्याच बंडीत बसून गेलो. सूर्य बुडायच्या आत सगळं आटोपलं. अग्नी मीच दिला. त्याचं दुसरं होतं कोण!

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्याचं घर उघडलं. शेजारची बाई म्हणाली, त्या दोऱ्या काढून जाळा जी, घरात भुतावानी दिसतात. मी तिला चहा टाकायला पाठवलं आणि भिंतीजवळ गेलो. फाल्गुनाची ती दोरी शोधायला मला वेळ लागला नाही. सुटलेला लाल दोरा कितीही दिवस लोंबत राहिला तरी सरळ होत नाही. जिथं गाठ होती तिथं तो वाकडा राहतो. दोरी खाली काढली, दारात उजेडाला बसलो आणि त्याच वाकड्या जागी गाठ मारायला लागलो. माझी बोटं जाड, आयुष्य खुरप्यात गेलेलं. एकदा निसटली. दुसऱ्यांदा बसली, पण एकेरी. ती दातांनी सोडली, कारण ती मादी एकेरी गाठीची नव्हती. मग दुहेरी मारली आणि घट्ट ओढली. बांबूजवळ उभं राहून तो ओरडायचा तसा मी त्या रिकाम्या घरात मोठ्यानं ओरडलो, "मादी! नऊ हात!" शेजारीण चहाचं भांडं घेऊन दारात थबकली आणि माझ्याकडे बघत राहिली. मी उठलो आणि दोरी माघ आणि चैत्राच्या मध्ये तिच्या जागी टांगली.